बकारामजींचा घोट

चिखल्याच्या खाणीतल्या माझ्या कँटीनमागे कढीपत्त्याचं एक झाड होतं. बघता बघता ते छपराच्या वर गेलं. लोक म्हणायचे, कोकणातल्या माणसाचा हात लागला म्हणून. खरं कारण मला माहीत होतं. त्या झाडाच्या बुंध्यात बकारामजींनी बारा वर्षं दारू थुंकली होती.

यावरून बकारामजी दारुडे होते असं कुणाला वाटलं तर पाप मला लागेल. त्यांच्याइतका कोरडा माणूस साऱ्या कॉलनीत नव्हता. दारू त्यांच्या ओठांशी येई, जिभेवर बसे, गालांत एक फेरी मारे आणि आल्या वाटेनं बाहेर जाई. घशाखाली कधीच नाही. तुमसरपासून सिहोऱ्यापर्यंत कुणाकडे लग्न असो, बारसं असो, देवीचा नवस असो, मोहाच्या दारूची बाटली टॉवेलात गुंडाळून आधी त्यांच्याकडे यायची. पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखी आहे की बैलाच्या खुराला चोळण्यासारखी, हे ते सांगणार आणि मगच ती पंगतीला जाणार. याबद्दल ते काहीही घेत नसत. कुणी बळेबळे टॉवेल ठेवून गेला तर धुऊन परत पाठवत.

पोटासाठी ते खाणीत टिंबरमन होते. जमिनीखालच्या बोगद्याचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे खांब लावतात, ते बसवणं त्यांचं काम. खांब लावण्याआधी ते कुऱ्हाडीच्या पाठीनं त्याला दोनदा ठोकत, कान लावत, मग एक कपची काढून नाकाशी धरत. नवी पोरं हसायची. पण खाली डबा खायची वेळ झाली की तीच पोरं बकारामजींनी लावलेला खांब शोधून त्याच्याखाली बसायची.

"लाकूड आधी बोलते, मंग मोडते," ते म्हणत. "माणूस ऐकाले रिकामा नसते, एवढंच."

मी वेंगुर्ल्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आमच्याकडची माणसं नोकरीला मुंबईला जातात. मी एका गाववाल्याच्या चिठ्ठीवर उलट्या दिशेला निघालो आणि दोन रात्री आगगाडीत काढून या धानाच्या मुलखात उतरलो. समुद्र नाही, नारळ नाही, ओळखीचा एक वास नाही. कँटीनमध्ये स्वयंपाकी म्हणून घेतलं, तेही तात्पुरतं. आणि माझा स्वभाव असा, की दार लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा. वरणात मीठ पडलं की नाही याची एवढी धास्ती, की मी चारचारदा चव घ्यायचो. चौथ्यांदा जिभेला काहीच कळत नसे, म्हणून आणखी चिमूटभर टाकायचो. पहिल्या आठवड्यात दोनदा वरण खारट झालं. दुसऱ्या वेळी कामगारांनी ताटं तशीच आणून ठेवली आणि मी मनातल्या मनात परतीच्या गाडीत बसलो.

त्या दिवशी रांगेतला एक सावळा, उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस मागच्या दारानं आत आला. ते बकारामजी. त्यांनी मला आधी चूळ भरायला लावली. मग कोऱ्या भाताची चार शितं चावायला दिली. मग वरणाचा एक थेंब तळहातावर.

"आता एक डाव चाख. एकच. दुसऱ्यांदा जो चाखते ना गा, तो वरण नाही, भेव चाखते."

खारट होतं. किती खारट, हेही मला त्या क्षणी नेमकं कळलं. एका मोठ्या बटाट्याइतकं. मी बटाटा सोलून टाकला. पुढं माझी नोकरी पक्की झाली ती त्या चार शितांवर, असं मी आजही मानतो. पण बकारामजींनी माझ्या वरणाला चांगलं मात्र कधी म्हटलं नाही. जेवून ताट ठेवताना फार तर म्हणायचे, "होते." म्हणजे चालतं.

त्यांची दारूची पारख मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं हा काही तरी पूजेचा प्रकार असावा. वेळ दुपारची, शिफ्ट सुटल्यावर, आंघोळ करून, रिकाम्या पोटी. अख्खी कॉलनी तोंडात खर्रा धरून बोलायची, यांना तंबाखूचा वास चालत नसे. कढीपत्त्याच्या झाडाकडे तोंड करून बसायचं. पेला नको, पळसाच्या पानाचा द्रोण हवा. काचेत दारू नटून बसते, पानात तिचं खरं तोंड दिसतं, असं त्यांचं म्हणणं. दोन थेंब तळहातावर घेऊन ते हात चोळत, सुकू देत, आणि सुकल्यावर जो वास मागं राहतो तो घेत. "पाव्हणा निघून गेल्यावर घरात कसं वाटते, त्याच्यावरून पाव्हणा समजते." मग एक घोट. गालांत फेरी. झाडाच्या बुंध्यात. मग डोळे मिटून ते इतका वेळ गप्प बसत की बाटली आणणाऱ्याला घाम फुटे.

निकाल एका वाक्यात यायचा, किंवा त्याहून कमी शब्दांत. "फुलं ऊन वर आल्यावर वेचली." "हे झाड रस्त्याच्या कडेचं." "अंगण सारवल्यावर वाळाले नाही देलं, तशीच फुलं पसरली." बाटलीवाला मान खाली घालायचा, कारण तसंच झालेलं असायचं. पाणी जास्त असेल तर ते नुसतं आभाळाकडे बघत. आणि दारूला धुराचा वास लागला असेल, आच सांभाळली नसेल, तर तोंडानं काही न बोलता नाकापुढून हात हलवत, चुलीपुढे बसलेली बाई धूर वारते तसा. त्याला ते धुपट म्हणत. ती हाताची खूण साऱ्या टापूत प्रसिद्ध होती. कुणाच्या तरी बाळंतविड्याच्या लाडवालासुद्धा पोरं तसा हात हलवून दाखवायची.

आवाज ते फक्त एकाच गोष्टीवर चढवत. कुणी जोर यावा म्हणून नवसागराचं विष घातलं असेल तर ते अख्खी बाटली मातीत ओतत आणि त्या माणसाला त्याच्या लेकरांची नावं विचारत. एकेक नाव घ्यायला लावत. तो माणूस पुन्हा तसं करत नसे.

एकदा यंत्रावरच्या तीन पोरांनी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. तीन द्रोण मांडले, दोनांत मोहाची आणि तिसऱ्यात सरकारमान्य दुकानातली संत्रा नावाची देशी दारू. दुकानातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खपणारी तीच. बकारामजींनी तिन्ही घोट घेतले, तिन्ही झाडाला दिले. मग तिसऱ्या द्रोणाकडे त्यांनी अशा मायेनं पाहिलं, की जत्रेत चुकलेलं पोर समोर आलं असावं.

"हिच्यात झाड नाही," ते म्हणाले.

एवढंच. पोरं गुपचूप द्रोण उचलून गेली.

ते गिळत का नाहीत, हे मी एकदा धीर करून विचारलं. मला वाटलं होतं, बापानं दारूपायी जमीन घालवली, वगैरे काही निघेल. तसलं काही नव्हतं. बकारामजी म्हणाले, "गिळली की सोयरीक झाली. आन सोयऱ्याची पारख करत नसतात. त्याचं सारं चांगलंच म्हणा लागते."

त्यांचं गाव सिहोऱ्याजवळ. एका चैत्रात ते मला घेऊन गेले. पहाटेच्या उजेडात त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाकलेलं मोहाचं झाड उभं होतं आणि खाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता. बकारामजींची बायको गिरजाबाई आणि मुलगी यशोदा वाकून फुलं वेचत होत्या. बकारामजींनी एक फूल माझ्या जिभेवर ठेवलं. गोड, थोडं तुरट, आणि मग अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटल्यावर, तिकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाच्या ताज्या शिजलेल्या भाताचा वास.

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. ते लहान मुलासारखे हसले. "बारा महिने चिन्नोरच्या बांधीत पाय सोडून उभं हाय. त्याले दुसरा वास कसा येईन? आता हे झाड तुह्या तोंडात ऱ्हाईन. कुठंही भेटलं तरी ओळखशीन."

गिरजाबाई तिकडून म्हणाल्या, "कोकणभाऊ, तुम्ही तरी नका शिकू बरं हे. एका जिभेनं आमची पोरगी घरात बसून हाय."

ती गोष्ट तशीच होती. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत एक रीत होती. सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या बापानं घरची मोहाची आणायची आणि दोघा बापांनी एकाच द्रोणातून घोट घ्यायचा. मुलीच्या बापानं घोट घेऊन चांगली आहे म्हटलं की बोलणी पुढं जात, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरला जाई. बाकी सगळे बाप चांगली आहे म्हणायचे. दारू कशीही असो, म्हणायचंच असतं. बकारामजींपुढे तुमसरकडच्या एका मालगुजारी थाटाच्या माणसानं द्रोण धरला. बकारामजींनी घोट घेतला, उठून ओसरीच्या कडेला थुंकले, डोळे मिटले. आणि चार गावांच्या माणसांसमोर नाकापुढून हात हलवला.

पाहुणे न जेवता उठले. यशोदा तेव्हा अठराची होती. त्यानंतर तीन वर्षं त्या दारात कुणी बाटली घेऊन आलं नाही. कोण येणार? मुलगी चांगली, घर चांगलं, पण त्या जिभेपुढे द्रोण धरायची कुणाची छाती होईना.

गिरजाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, आणि हे बकारामजींनीच मला हसत सांगितलं, "जीभ दाताच्या आत ठेवा, नाही तं पोरीले जिभेसंगंच लावून द्या."

बकारामजी यावर हसत खरे, पण जीभ काही आत जात नव्हती. ती आत कशी गेली, ते सांगायचं तर मला खाणीच्या गेस्टहाउसातली ती दुपार सांगायला हवी.

खाणीतलं पाणी उपसायला परदेशातून मोठा पंप आला होता आणि तो बसवायला ऑस्ट्रेलियाचा एक इंजिनिअर. पंप सुरू झाला त्या दिवशी त्याला जेवण दिलं. स्वयंपाक माझा. आमचे छोटे साहेब मनानं चांगले, पण त्यांना थाटाची आवड. त्यांच्या मेव्हण्यानं परदेशातून आणलेली वाइनची एक बाटली त्यांनी त्या दिवसासाठी जपून ठेवली होती. ही दारू राजेरजवाड्यांच्या तळघरात वर्षानुवर्षं निजून असते, तिचा एक पेला म्हणजे आपला एक महिना, असं ते सगळ्यांना सांगत होते. मी पेल्यांत ओतली. तिळाच्या तेलाच्या रंगाची होती. पाहुणा इंजिनिअर बाटलीकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण नुसता हसला.

तेवढ्यात पंपाच्या चौथऱ्याचं लाकूड दाखवायला बकारामजी व्हरांड्यात आले. छोट्या साहेबांना लहर आली. त्यांनी गमतीनं त्यांना आत बोलावलं आणि पाहुण्याला सांगितलं, हे आमच्या जंगलातले दारूचे न्यायाधीश.

बकारामजींनी पेला घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. मी पळत जाऊन द्रोण आणला. साहेब मंडळी हसली. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण बकारामजी त्यांच्या नेहमीच्या गतीनं चालले होते. तळहात चोळला, सुकू दिला, वास घेतला. घोट घेतला. व्हरांड्यात जाऊन क्रोटनच्या कुंडीत थुंकले. परत येऊन उभ्यानंच डोळे मिटले.

"फळ चांगलं हाय," ते म्हणाले. "उन्हातलं हाय. मागून लोण्याचा हात लागला. आन लाकूड हाय." मग थोडं थांबून, बोगद्यातल्या खांबाशी बोलावं तसं, "पण हिले लाकडात नाही ठेवली. लाकूड हिच्यात ठेवलं. कपच्या."

छोटे साहेब हसत म्हणाले, "ते राहू द्या. राजाची आहे की नाही ते सांगा."

"नाही जी. हे राजाची नाही. हे तिकडच्या तुमच्या-माह्यासारख्याची, बाजारच्या दिवशी घेऊन याची. पण खोटी नाही."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पाहुण्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी सगळं इंग्रजीत सांगितलं. इंजिनिअरनं काटा खाली ठेवला आणि टेबलावर हात मारून असा हसला की पेले हलले. मग उठून त्यानं बकारामजींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोलला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं ते असं, की ही बाटली त्याच्या गावात प्रत्येक दुकानात मिळते. त्याची आई दर शनिवारी दूध-पावाबरोबर आणते. स्वस्त आणि सगळ्यांना आवडणारी आहे. आणि कारखान्यात लाकडाच्या कपच्या टाकतात हे खरं आहे, पण ते जिभेनं ओळखणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता.

सगळे हसले. छोटे साहेबही हसले. पण त्यांचा हात पेल्यावरून निघाला तो पुन्हा गेला नाही, आणि थोड्या वेळानं कसलीशी फाईल बघायची आहे म्हणून ते भरल्या ताटावरून उठले.

मी आनंदानं कँटीनमागे आलो तर बकारामजी कढीपत्त्यापाशी बसले होते, खांदे पाडून. मला वाटलं शाबासकी ऐकून भरून आलं असेल.

"पारख दारूची कराची होती," ते म्हणाले. "मी त्या माणसाची करून बसलो. त्यानं जपून आणली होती गा."

मी म्हटलं, पण तुम्ही खरं तेच सांगितलं.

"खरं तं खांबही सांगते. पण तो डोक्यावर पडाच्या आधी सांगते."

ती रिकामी बाटली छोट्या साहेबांनी टाकून द्यायला सांगितली होती. मी ती धुऊन ठेवली आणि घरून आलेलं कोकमाचं आगळ तीत भरलं. अजून आहे माझ्याकडे. पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलानं वरची चिठ्ठी वाचून सांगितलं, की त्या दारूचं नाव शार्डोने.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, लाखांदूरकडून सोयरीक आली. मुलाचं सायकलींचं दुकान होतं. यशोदानं त्याला एका नात्यातल्या लग्नात पाहिलं होतं. मांडवात तो गॅसबत्तीला पंप मारत होता, भडका उडाला, एक भुवई जळाली आणि तरी तो बत्ती पेटवूनच उठला. हे ती सांगायची तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून गिरजाबाईंनी ठरवून टाकलं होतं, की हे जमायलाच पाहिजे. बैठकीच्या जेवणाला मला बोलावलं. खरं कारण वेगळं होतं. भज्यांची ताटली घेऊन मी बकारामजींच्या उजव्या हाताला उभं राहायचं आणि घोट घेऊन झाला की ते काही बोलायच्या आत त्यांच्या तोंडात भजं द्यायचं, असं मायलेकींनी ठरवलं होतं. यशोदा चुलीपाशी मला म्हणाली, "कोकणभाऊ, गरमच देजा. बोलता आलं नाही पाहिजे."

मुलाचे वडील श्रावणजी दोन एस.ट्या बदलून आले. किरकोळ बांध्याचा, धानाची शेती करणारा माणूस. टोपी सारखी काढत होते, घालत होते. त्यांना बघून मला माझे खारट वरणाचे दिवस आठवले. बरोबर चार म्हातारी माणसं. श्रावणजींनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली आणि लोट्यात ओतायला माझ्याकडे दिली.

मी स्वयंपाकघरात आलो, बूच काढलं, आणि बूच पुन्हा हुंगलं. शेवटी, अगदी शेवटी, चिन्नोरच्या भाताचा वास.

मी बाटली गिरजाबाईंच्या नाकाशी धरली. त्यांनी तोंडावर पदर घेतला. त्या वर्षीची धुऱ्यावरच्या झाडाची सगळी फुलं त्यांनी सिहोऱ्याच्या बाजारात फुलाबाईला विकली होती. त्या भागात सगळ्यात चांगली दारू काढायची ती हीच बाई. आता सगळं उघड होतं. बकारामजींच्या जिभेला घाबरून श्रावणजींनी घरची आणलीच नव्हती. त्याआधीच एकदा गुपचूप येऊन, चार ठिकाणी विचारून, सगळ्यात चांगली म्हणून जी विकत घेतली ती बकारामजींच्याच झाडाची.

बकारामजी ओळखणार यात शंका नव्हती. ओळखून बोलले, की हा गरीब माणूस स्वतःच्या चार म्हाताऱ्यांसमोर खोटा पडणार आणि पुढच्या एस.टी.नं लाखांदूरला परत जाणार. समोरच्या चुलीत ओतून देता आली असती, पण बदलायला घरात दुसरी दारू नव्हती. यशोदा भिंतीला टेकून खाली बसली.

मी लोटा घेऊन बाहेर गेलो. दुसऱ्या हातात भजी.

द्रोण भरला. आधी श्रावणजींनी घोट घेतला. मग बकारामजींनी. तळहात नाही, वास नाही, बैठकीत तेवढी मोकळीक नव्हती. घोट गालांत गेला आणि मी त्यांच्या पांढऱ्या भुवया वर जाताना पाहिल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग श्रावणजींच्या टोपीकडे, जी आता गुडघ्यावर होती आणि दोन्ही हातांनी पिळली जात होती. ते उठले, ओसरीच्या कडेला थुंकले, परत येऊन बसले. डोळे मिटले.

भजं माझ्या हातात गार होत होतं. मला ते पुढं करायचं सुचलं नाही.

"हिची पारख मले नाही होत," बकारामजी म्हणाले. "हिच्यासंग माही जुनी सोयरीक हाय."

म्हाताऱ्यांना काही कळलं नाही. पूर्वी कुठं तरी घेतली असेल, असं समजून त्यांनी माना डोलावल्या. श्रावणजींना मात्र काहीतरी कळलं. त्यांचं तोंड उतरलं. बकारामजी त्यांच्या पिशवीकडे बोट दाखवत होते. तिथं दुसरा एक टॉवेल दिसत होता.

"त्याच्यात काय हाय, इवाई?"

व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात. अजून काहीच ठरलं नव्हतं आणि तो शब्द बोलला गेला होता. आतून एक भांडं पडल्याचा आवाज आला.

"घरची हाय जी," श्रावणजी म्हणाले. "बायको मानेना. म्हणे, आपलीबी न्या संगं. पण तुमच्यासारख्याले देण्यासारखी नाही."

"द्या तं खरी."

ती श्रावणजींनी स्वतः द्रोणात ओतली. मला दोन हात लांबूनच वास आला. धूर. आच सांभाळलेली नव्हती. ज्या दोषापायी तुमसरचे पाहुणे उठले होते तोच, आणि वर पाणीही जास्त.

बकारामजींनी घोट घेतला. उठले. ओसरीच्या कडेला गेले, बैठकीकडे पाठ करून; मला बाजूनं दिसत होते, गाल फुगलेले. आणि तिथंच उभे राहिले. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे ते बघत होते.

मग त्यांच्या मानेचा कंठमणी खाली गेला आणि वर आला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते वळले, डोळ्यांत पाणी आलेलं, कारण सवय नव्हती. येऊन श्रावणजींच्या शेजारी बसले, त्यांच्या गुडघ्यावरची टोपी काढून घेतली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"वाढ गा कोकण्या," ते मला म्हणाले. "इवाई उपाशी बसून राहिले."

चांगली म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, कशी होती? तर म्हणाले, "गेली पोटात. आता काय इचारता?" ती गरम द्यायला सांगितलेली, गार झालेली सगळी भजी मग मीच स्वयंपाकघरात यशोदाच्या हातात दिली. ती रडत रडत खात होती आणि गिरजाबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होत्या.

लग्नात श्रावणजींच्या घरचीच दारू होती. बकारामजींनी स्वतः सांगितलं होतं. पुढं फुलाबाईची गोष्ट श्रावणजींना कळली, आणि ते प्रत्येक पाहुण्याला ती स्वतःच सांगू लागले, माझ्यापेक्षा चांगली.

त्यानंतर चारेक वर्षांनी मला छत्तीसगडाकडे एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम मिळालं. घर आणखी लांब गेलं. अजूनही लांबच आहे. निघायच्या दिवशी तुमसरच्या स्टँडवर बकारामजी आले होते, आणि त्यांच्याबरोबर श्रावणजी. आताशा व्याही आले की दोघे एकमेकांना सोडत नसत. श्रावणजी महिन्यातून एकदा लाखांदूरहून येत, तर चार-चार दिवस राहत. बकारामजींनी मला वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी दिली. मी सकाळीच कँटीनमध्ये शेवटचं वरण केलं होतं, ते त्यांनी जेवताना खाल्लं होतं. कसं होतं ते सांगतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, होते.

मी एस.टी.त चढलो. खिडकीत बसलो. घंटी वाजली. आणि कोण जाणे कुठून, इतकी वर्षं धरून ठेवलेला प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला. बकारामजी, त्या बैठकीतली, श्रावणजींच्या घरची, ती खरं म्हणजे कशी होती?

बकारामजींनी मागं वळून पाहिलं. श्रावणजी पानठेल्याकडे तोंड करून चुना मागत होते. एस.टी. हलली. बकारामजी खिडकीबरोबर दोन पावलं चालले, पुन्हा एकदा मागं पाहून खात्री केली, आणि मग आपल्या नाकापुढून हात हलवला. जोरात. तीनदा.

त्यांचं अख्खं अंग हसत होतं. मग ते वळले, श्रावणजींच्या खांद्यावर हात टाकला, आणि दोघे स्टँडबाहेर निघाले.